सँपल परत पाठवणारी लॅब: सोलापुरात पाठीतल्या पाण्याची अमिनो अ‍ॅसिड तपासणी

पहिल्या दिवशी या लॅबच्या सोलापूरच्या सेंटरवाल्यांनी आमचं सँपल घेतलंच नाही.

भाचीच्या बारशाचा दिवस होता. एप्रिल महिना, बाहेर ४२ डिग्री ऊन. मी आणि दाजी थर्मोकोलचा डबा मांडीवर धरून रिक्षानं सेंटरवर पोचलो. काउंटरवरच्या मॅडमनी नळी बाहेर काढली, पांढऱ्या कागदासमोर धरली, चिठ्ठीवरची वेळ वाचली आणि म्हणाल्या, "हे मी पुढं पाठवणार नाही." दाजी तिथंच ओरडले. बारा दिवसांच्या पोरीच्या पाठीत त्या पाण्यासाठी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवासाठी, दुसऱ्यांदा सुई घातली होती. माझाही तोल सुटत आला होता. आज त्याच नकारासाठी मी या सेंटरला पाच तारे देतोय. का, ते नीट सांगतो. सोलापुरात ही तपासणी करायची वेळ आली तर विचारायला माणूस सापडत नाही. आम्हाला तरी सापडला नव्हता.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डाइंग मास्तर आहे, एकोणीस वर्षं झाली. डॉक्टर नाही, लॅबवालाही नाही. खाली जे लिहिलंय ते त्या पंचवीस दिवसांत लोकांना विचारून विचारून डोक्यात बसवलेलं आहे. तुमच्या बाळाबद्दल तुमचे डॉक्टर काय म्हणतात तेच खरं धरा.

बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दाजी म्हणजे आमच्या सख्ख्या आत्याचा मुलगा. आमच्यात मामाची मुलगी करायची पद्धत आहे, आत्यानं हौसेनं मागणी घातली आणि लग्न झालं. मुलगी जन्मली तेव्हा लगेच रडली नाही, रडायला काही मिनिटं गेली. दुसऱ्या रात्री तिला झटके यायला लागले. अंग लोण्यासारखं सैल, दूध ओढायची ताकद नाही, आणि मधूनच उचक्या, एकदा लागल्या की थांबायच्याच नाहीत. काचेच्या पेटीत ठेवली. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की लग्न नात्यात झालंय का. हो म्हटल्यावर त्यांनी ग्लायसिनचं नाव काढलं.

प्रथिनं ज्या तुकड्यांची बनतात ती अमिनो अ‍ॅसिडं, आणि ग्लायसिन हे त्यातलं सगळ्यात लहान. ते मोडणारी एक यंत्रणा शरीरात असते. ज्या बाळांना आईवडील दोघांकडून त्या यंत्रणेचा बिघडलेला जीन मिळतो त्यांच्यात ते मोडत नाही, साठत जातं, आणि सगळ्यात जास्त त्रास मेंदूला होतो. मज्जारज्जूत आणि मेंदूच्या बुंध्यात ग्लायसिन संदेश दाबतं, म्हणून बाळ सैल पडतं, श्वास थांबतो. मेंदूच्या वरच्या भागात तेच ग्लायसिन पेशींना उचकवतं, म्हणून झटके. उचक्यासुद्धा याच आजाराची खूण म्हणून डॉक्टर बघतात. आजाराचं लांबलचक नाव नॉनकिटोटिक हायपरग्लायसिनेमिया. सोडियम बेंझोएट देऊन रक्तातलं ग्लायसिन उतरवता येतं, डेक्स्ट्रोमेथॉर्फन देऊन मेंदूवरचा मारा थोडा कमी करता येतो, पण आजार मुळातून जाईल असं औषध नाही. हे सगळं आम्हाला चौथ्या दिवशी, उभ्या उभ्या, दाराजवळ सांगितलं गेलं.

आणि हे आहे की नाही ते कळायचं कसं? रक्तात ग्लायसिन थोडंफार वर दिसायला इतर कारणंही असतात. म्हणून पाठीतल्या पाण्यातलं ग्लायसिन आणि त्याच वेळच्या रक्तातलं ग्लायसिन, दोन्ही मोजून पाण्यातल्या आकड्याला रक्तातल्या आकड्यानं भागायचं. निरोगी बाळात हा भागाकार साधारण ०.०२ च्या खाली असतो. आजार असेल तर बहुतेक वेळा ०.०८ च्या वर जातो.

पाठीतलं पाणी म्हटल्यावर घरात रडारड सुरू झाली. आमच्या आईचं म्हणणं, "पाठीतलं पाणी काढलं की पोर लुळं पडतं, ठाऊक हाय मला." हे मी बऱ्याच घरांत ऐकलंय, म्हणून लिहितो. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशी संपतो. सुई त्याच्या खाली घालतात, तिथं फक्त मज्जातंतूंचे धागे त्या पाण्यात तरंगत असतात. लहान बाळात मज्जारज्जू मोठ्या माणसापेक्षा थोडा खालपर्यंत असतो, म्हणून सुई आणखी खालच्या जागी घालतात. जर्मनीत क्विंकं नावाच्या डॉक्टरनं १८९१ साली ही पद्धत सांगितली, तेव्हापासून चालू आहे. मी आईला एवढं सगळं सांगितलं नाही, "वरनं नाही, खालनं काढतात" एवढंच सांगितलं. तेवढ्यानं ती गप्प झाली.

आता पहिल्या लॅबबद्दल. नाव लिहीत नाही, विचारूही नका. एक पोरगा मोटरसायकलवर आला, नर्सनं नळी दिली, त्यानं ती शर्टाच्या खिशात टाकली आणि किक मारली. खिशात! ४२ डिग्रीत. मी जिन्यात उभा राहून बघत होतो आणि मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. नळीतलं पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. मला वाटलं ते तसंच असतं. रक्त कोणी घेतलं नाही, औषधं कोणती चालू आहेत ते कोणी विचारलं नाही, फॉर्मवर नाव, वय आणि पैसे एवढंच. ४,२०० रुपये.

पाच दिवसांनी मोबाइलवर रिपोर्ट आला. ग्लायसिन ३४, पुढं ठळक अक्षरात वाढल्याची खूण. पाणी लाल होतं याचा एक शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, "शक्यता बरीच दिसते." शक्यता हा शब्द घरी येईपर्यंत उरत नाही. घरी फक्त "हाय म्हणं" एवढंच पोचतं.

आत्या त्या दिवसापासून जेवेना. ज्वारीची भाकरी समोर घ्यायची, तुकडा मोडायची आणि ताट सरकवायची. "माझ्याच हट्टापायी झालं हे," एवढंच म्हणायची. "परक्यातली केली असती तर पोरगी धडधाकट झाली असती." रोज सिद्धेश्वराला जाऊन तळ्याच्या काठावर बसायची, अंधार पडला की दाजी तिला घेऊन यायचे. बहिणीनं सासूकडं बघायचं बंद केलं. सासू म्हणजे तिची आत्याच ना, लहानपणी जिच्या कुशीत झोपायची ती. एका कागदावरच्या ३४ या आकड्यानं आमच्या घरातलं चाळीस वर्षांचं नातं हलवून टाकलं. म्हणून मी हा रिव्ह्यू इतका लांब लिहितोय. ज्यांच्या घरात असा आकडा आला नाही त्यांना हे जास्त वाटेल.

अकराव्या दिवशी आम्ही दवाखाना बदलला. नवीन डॉक्टरांनी रिपोर्ट हातात घेतला आणि आकड्याबद्दल काहीच न बोलता तीन गोष्टी विचारल्या. पाणी दिसायला कसं होतं? रक्त त्याच वेळी घेतलं होतं का? बर्फात गेलं का? तिन्हीची उत्तरं मी दिली. त्यांनी रिपोर्ट उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, परत करू.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत सुई घातली, आणि तेच सँपल घेऊन आम्ही या सेंटरवर आलो, ज्यांनी ते नाकारलं.

मॅडमनी कारणं सांगितली. दाजी बाहेर जाऊन उभे राहिले होते, मी ऐकत होतो. पाण्याला गुलाबी झाक होती, नळी मशीनवर फिरवून गाळ बसवून वरचं स्वच्छ पाणी वेगळं केलेलं नव्हतं. रक्त सकाळी ६.४० ला घेतलेलं, पाणी ११.१५ ला, मध्ये बाळाला नळीनं दूध गेलेलं. आणि बर्फ अर्धा वितळलेला. "मशीन यावर आकडा देईल, दादा," त्या म्हणाल्या. "पण तो तुमच्या बाळाचा नसेल."

मला एकदम कळलं. हे मी रोज करतो. पांढऱ्या टॉवेलच्या बाथमध्ये, म्हणजे टाकीत, कोणी लाल रंगाचा मग खंगाळून टाकला तर लॉट गुलाबी निघतो, आणि मग कितीही भारी मशीननं शेड मोजा, मशीन त्या मगाचा रंग मोजतं. रंग बिघडला की पोरं मशीनला दोष देतात. मी आधी पाणी बघतो, मग तापमान, मग वेळ. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड, एका टँकरच्या फरकानं शेड हलते. एकोणीस वर्षांत रंग मशीनमुळं बिघडला असं मी दोन-तीनदाच बघितलंय.

गुलाबी झाकेनं असा काय फरक पडतो? इथं आमच्या भाचीचेच खरे आकडे वापरतो, जे नंतर मिळाले. रक्तातलं ग्लायसिन ३१०, पाठीतल्या पाण्यातलं ५.६. म्हणजे रक्तात पंचावन्न पट. पाण्यात शंभरातला एक भाग जरी रक्त मिसळलं तरी ३ ची भर पडते, साडेपाचाचं साडेआठ होतं. दहातला एक भाग मिसळलं तर छत्तीसपर्यंत जातं. आमचा तो डाळिंबाच्या रंगाचा रिपोर्ट ३४ होता. हा माझा ढोबळ हिशोब आहे, दोन वेगवेगळ्या दिवसांचे आकडे आहेत, तांबड्या पेशींतलं ग्लायसिन वेगळं. पण तो ३४ कुठनं आला असेल ते समजायला एवढा पुरतो.

आणखी एक गोष्ट मला फार खटकली. समजा पहिल्या वेळी रक्तही घेतलं असतं आणि ते ३१० आलं असतं, तर भागाकार झाला असता ३४ भागिले ३१०, म्हणजे ०.११. ती ०.०८ ची रेघ ओलांडून वर. म्हणजे भागाकारही वाचवत नाही. पाणी स्वच्छ असलं तरच भागाकाराला अर्थ.

ग्लायसिनच नाही, पाण्यातली बहुतेक अमिनो अ‍ॅसिडं रक्तापेक्षा कितीतरी कमी असतात, दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा खाली. अपवाद ग्लुटामिनचा. पाण्यात सगळ्यात जास्त तेच असतं, रक्ताच्या बरोबरीला जातं. आणि तेच गरम जागी पडून राहिलं की मोडून ग्लुटामेट वाढवतं. गाबा म्हणून मेंदूला शांत ठेवणारा एक पदार्थ आहे, तोसुद्धा सँपल उबेत राहिलं तर नळीतच वाढतो, कारण त्याची साठवण ज्या दुसऱ्या पदार्थात असते तो फुटत जातो. बाळाच्या अंगातून बाहेर आल्यावरही पाण्यात घडामोड चालूच असते. ती थांबवायचा एकच उपाय, लगेच गोठवणं. मला शर्टाचा तो खिसा आठवला.

मग मॅडमनी जे केलं ते लिहितो. त्यांनी एक छापील फॉर्म काढला. पाणी काढल्याची वेळ, रक्त घेतल्याची वेळ, शेवटचं दूध किती वाजता, पाण्याचा रंग, कोणती औषधं चालू. औषधांच्या रकान्यापाशी थांबून विचारलं, "व्हॅल्प्रोएट दिलंय का?" नव्हतं दिलं, झटक्यांसाठी फिनोबार्बिटोन चालू होतं. व्हॅल्प्रोएट हेही झटक्यांवरचं औषध, पण ते दिलं असेल तर त्यानंही ग्लायसिन वाढतं, म्हणून त्या विचारत होत्या. जन्मताना ऑक्सिजन कमी पडला होता का तेही विचारलं, त्यानंही काही दिवस ग्लायसिन वर दिसू शकतं. मग आमच्या नवीन दवाखान्याच्या सिस्टरना स्वतःच्या फोनवरून फोन लावला आणि माझ्यासमोर सगळं सांगितलं. सुरुवातीचे थेंब वेगळ्या नळीत जाऊ द्या, ते पेशी मोजायला वापरा. स्वच्छ थेंब आले की आमच्या नळीत अर्धा मिली. तासाभराच्या आत रक्त, हिरव्या झाकणाच्या नळीत, दूध द्यायच्या आधी. आणि हे सगळं आटोपेपर्यंत मी डबा घेऊन दाराशी उभी असेन.

खरोखर उभ्या होत्या. तीन दिवसांनी, सकाळी दहाच्या आधी.

तिसऱ्यांदा सुई घालायला बहिणीनं सही केली नाही, दाजींनी केली. मी काचेतून बघितलं. सिस्टरनी पोरीला कुशीवर घेऊन गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी आणली, पाठीचा कणा मण्यांच्या माळेसारखा वर आला. डॉक्टरांनी बोटानं जागा चाचपली. सुई आत गेली तेव्हा पोरीनं आवाज केला, बारीक. मग थांबायचं. एक थेंब येतो, फुगतो, पडतो. मग दुसरा. पहिले चार-पाच थेंब मला किंचित पिवळसर वाटले, ते दुसऱ्या नळीत. पुढचे थेंब दिसेनातच, इतके स्वच्छ. नळीच्या तळाशी काही जमतंय हे फक्त प्रकाश हलला तेव्हा कळायचं. मी आयुष्यभर पाण्याचे रंग बघितले, इतकं बिनरंगी पाणी बघितलं नव्हतं.

मॅडमनी नळी घेतली आणि फॉर्मच्या छापील ओळीवर धरली. नळीतून अक्षरं वाचता येत होती. लेबलवर वेळ लिहिली, पाणी १०.४२. रक्त १०.५५, ते तिथल्याच मशीनवर फिरवून वरचा द्राव वेगळा केला. दोन्ही नळ्या पिशवीत, पिशवी डब्यात, आणि डब्यात ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, ज्यातून पांढरा धूर जमिनीकडं सांडत होता. उणे ७८ डिग्री असतो तो, हातमोज्याशिवाय धरला तर कातडी चिकटते. पोरी काय धूर निघतोय बघ म्हणून शेजारच्या बाळाची आजी उठून बघायला आली.

तिथून डबा मुंबईच्या मुख्य लॅबमध्ये गेला. मॅडमनी तिथल्या बायोकेमिस्ट ताईंचा नंबर लावून दिला, आणि मी रंगाचं काम करतो कळल्यावर त्यांनी जे समजावलं ते मला फार आवडलं. आधी पाण्यातली प्रथिनं सल्फोसॅलिसिलिक आम्लानं खाली बसवतात. उरलेला द्राव एका बारीक नळीतून सोडतात, ज्यात राळेचे सूक्ष्म मणी भरलेले. एकेक अमिनो अ‍ॅसिड त्या मण्यांना कमीजास्त चिकटतं, म्हणून एकामागून एक बाहेर येतं. बाहेर आलं की त्यात निनहायड्रिन नावाचं रसायन मिसळून तापवतात आणि जांभळा रंग येतो. जितकं जास्त तितका गडद. तो रंग ५७० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजतात. फक्त प्रोलिनसारखी पिवळी पडतात, ती ४४० वर. बरोबर एक ठराविक मापाचा ओळखीचा पदार्थ मुद्दाम मिसळतात, म्हणजे वाटेत किती हरवलं ते कळतं. आम्ही प्रत्येक लॉटबरोबर स्टँडर्ड लडी चालवतो ना, तसंच. स्टाइन, मूर आणि स्पॅकमन यांनी १९५८ साली हे आपोआप चालणारं मशीन बनवलं. स्टाइन आणि मूर यांना पुढं १९७२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते एका एन्झाइमवरच्या कामासाठी. आता बऱ्याच लॅब मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंच्या वजनावरून ते ओळखणारं मशीन, वापरतात, वेळ कमी लागतो. यांच्याकडं जांभळ्या रंगाचं जुनं मशीन आहे, आणि एका सँपलला दोन तासांच्या वर लागतात.

त्या ताईंनी आणखी एक सांगितलं जे मला कोणी सांगितलं नव्हतं. या रिपोर्टमध्ये वाढलेलंच बघायचं नसतं, कमी झालेलंही बघायचं. सिरीन नावाचं अमिनो अ‍ॅसिड पाण्यात फार कमी असेल तर तो वेगळा आजार, १९९६ मध्ये याकन नावाच्या बेल्जियमच्या डॉक्टरांनी सांगितलेला. बाळाचं डोकं लहान राहतं, झटके येतात, पण सिरीन बाहेरून दिलं तर झटके आटोक्यात येऊ शकतात. जेवल्यावर रक्त घेतलं तर ते रक्तात नॉर्मल दिसू शकतं, पाण्यात लपत नाही. म्हणून एकाच आकड्यावर नजर लावून बसू नका, पूर्ण कागद डॉक्टरांना वाचायला सांगा.

रिपोर्ट एकविसाव्या दिवशी आला. ग्लायसिन रक्तात ३१०, पाण्यात ५.६, भागाकार ०.०१८. सिरीन व्यवस्थित. खाली एक ओळ: सँपल स्वच्छ, गोठलेल्या अवस्थेत मिळालं, दोन्ही सँपलमध्ये तेरा मिनिटांचं अंतर. मला त्या आकड्यांपेक्षा ही शेवटची ओळ जास्त मोलाची वाटली. पहिल्या रिपोर्टमध्ये अशी ओळ लिहिली असती तर डॉक्टरांनी तिथंच थांबवलं असतं.

मी आत्याला आकडे सांगितले नाहीत. "तुझा आजार नाही तिला," एवढंच म्हणालो. चुकून 'तुझा' म्हणालो, आणि तेच तिला लागलं असावं. ती ओट्यावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. संध्याकाळी बहीण तिच्याशेजारी जाऊन बसली. कोणी कोणाला काही बोललं नाही. ताटात भाकरी, शेंगाची चटणी आणि दही होतं. आत्यानं दोन भाकऱ्या खाल्ल्या.

नात्यातल्या लग्नाबद्दल नवीन डॉक्टरांनी नंतर दोघांना बसवून सांगितलं, तेही लिहितो. दोघं वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून बिघडलेला जीन दोघांच्या अंगात असेल, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका असतो, आणि नात्यात लग्न झालं की दोघं एकाच बिघाडाचे वाहक असण्याची शक्यता वाढते. ते खरं आहे, नाकारून चालणार नाही. पण वाढलेली शक्यता म्हणजे निकाल नव्हे, आणि आमच्या आत्यावर बारा दिवस निकाल लागलेला होता.

भाचीचा एमआरआय झाला. जन्मताना ऑक्सिजन कमी पडल्याच्या खुणा दिसल्या, झटके त्याचेच. आता ती सात महिन्यांची आहे. झटके नाहीत, औषध कमी करत आणलंय. मान धरायला उशीर झाला, डावा हात जरा आखडतो, आठवड्यातून तीनदा व्यायामाला नेतो. बारसं सव्वा महिन्यानं केलं. नाव इथं लिहीत नाही.

आता सेंटरच्या उण्या बाजू. रिपोर्ट सहा दिवसांनी आला, सांगितले होते चार. दोन दिवस काय असतात ते ज्याच्या घरी बाळ पेटीत आहे त्याला विचारा. दुपारी एक ते तीन फोन कोणी उचलत नाही. रिपोर्ट फक्त इंग्रजीत, वयाप्रमाणं रेंज दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात. बहीण बी.ए. झालेली आहे, तिलाही समजला नाही. मराठीत चार ओळी दिल्या तर काय बिघडतं? आणि नाकारलं त्या दिवशी मॅडमनी बसायला खुर्ची द्यायला हवी होती. उभ्यानं ऐकायची गोष्ट नव्हती ती. दोन्ही सँपल मिळून ७,६०० रुपये झाले, नाकारलेल्या दिवसाचा एक रुपया घेतला नाही.

सेंटरचं नाव का टाकत नाही असं विचारतील. तिथल्या मॅडम उद्या बदलल्या तर माझा अनुभव तुमच्या उपयोगाचा नाही. म्हणून कोणत्याही सेंटरवर जा, पण आधी फोनवर दोन गोष्टी विचारा. ड्राय आइस आणता का? रक्त आणि पाणी यांच्यात किती वेळ चालतो? दुसऱ्या प्रश्नाला "काही फरक पडत नाही" असं उत्तर आलं तर फोन ठेवा.

आणि विचारत विचारत याच सेंटरवर पोचणार असाल तर आदल्या दिवशी कळवा. ड्राय आइस पुण्याहून येतो, शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी मिळत नाही. शुक्रवारी पाणी काढायचं ठरत असेल तर डॉक्टरांना सोमवार मागा, अर्थात त्यांना थांबणं चालणार असेल तर. सकाळी दहाच्या आत फोन केला की मॅडम स्वतः येतात.